किमया नव्हे, उजळणी: एरिथ्रोमायसिनच्या रेणूची गोष्ट

'किमया' हा शब्द मराठीत आपण फार सहज वापरतो. सचिनच्या बॅटची किमया, निसर्गाची किमया, एखाद्या वैद्याच्या हाताची किमया. मूळ शब्द अरबी, 'अल्-किमिया'. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि लॅटिनच्या वाटेने युरोपात जाऊन त्याची 'अल्केमी' व 'केमिस्ट्री' झाली. प्रवासात आपल्याकडे मात्र त्याचा एकच अर्थ उरला, तो म्हणजे चमत्कार. प्रत्यक्षात दहाव्या शतकाच्या आरंभी रय शहरच्या अबू बक्र अल्-राझीने 'किताब अल्-असरार' लिहिले, त्यात पदार्थांची वर्गवारी आहे, भट्ट्या आणि भांड्यांची यादी आहे, आणि काय किती तापवायचे, काय पुन्हा गाळायचे, याच्या पायरीपायरीने लिहिलेल्या कृती आहेत. पुस्तकाचे नाव 'रहस्ये' असले तरी आत आहे तो प्रयोगशाळेतला रोजचा रियाज.

मी रसायनशास्त्रज्ञ नाही, इतिहासाचा वाचक आहे. पण 'चमत्कार' आणि 'रियाज' या दोन अर्थांतली ओढाताण विसाव्या शतकातल्या एका औषधाच्या इतिहासात मला जितकी स्वच्छ दिसली, तितकी क्वचितच दिसते. ते औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन. त्याच्या घराण्यातली अॅझिथ्रोमायसिन ही गोळी तर करोनाच्या काळात आपल्या घराघरांत पोहोचली. निसर्गात एका मातीतल्या जिवाणूने बनवलेला हा रेणू माणसाला प्रयोगशाळेत बनवता येईल का, या प्रश्नाने रसायनशास्त्राची जवळजवळ तीस वर्षे घेतली. उत्तर मिळाले तेव्हा कळले की एकदाच लढवलेली मोठी शक्कल इथे पुरत नाही. एकच छोटे काम पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी अचूक करावे लागते.

इलोइलोची माती

फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतात अबेलार्दो अॅगिलार नावाचे एक डॉक्टर एली लिली या अमेरिकन औषध कंपनीसाठी काम करत. त्या काळात कंपन्या जगभरातून मातीचे नमुने गोळा करत होत्या. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनने दाखवून दिले होते की मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना मारण्यासाठी जे विष तयार करतात, ते माणसासाठी औषध ठरू शकते. १९४९ मध्ये अॅगिलार यांनी इलोइलोची माती अमेरिकेला पाठवली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून लिलीच्या संशोधकांनी १९५२ मध्ये एरिथ्रोमायसिन वेगळे काढले आणि ते 'इलोटायसिन' या नावाने बाजारात आले. नावात इलोइलो राहिले. अॅगिलार यांना मात्र या औषधाच्या कमाईतून कधीच वाटा मिळाला नाही, असे त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे म्हणणे होते. १९९३ मध्ये ते वारले.

औषध मात्र खरोखर मोलाचे होते. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या रुग्णांना आता पर्याय मिळाला. डांग्या खोकला, घटसर्प, न्यूमोनियाचे काही प्रकार, अशा आजारांत ते वापरले जाऊ लागले. पुढे कळले की हा रेणू जिवाणूच्या पेशीत जिथे प्रथिने तयार होतात त्या रायबोसोममध्ये जाऊन बसतो आणि नवे प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडते तो बोगदाच अडवतो. बोगद्याच्या भिंतीतल्या एका विशिष्ट खोबणीत तो नेमका बसावा लागतो. कुलपात किल्ली बसते तसा. आणि रसायनशास्त्रज्ञांची सगळी डोकेदुखी या किल्लीच्या दात्यांत आहे.

डावे, उजवे आणि एक हजार चोवीस

आपले दोन्ही हात सारखेच असतात, तरीही उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. कार्बनच्या अणूचेही असेच. त्याला चार वेगवेगळे गट जोडलेले असतील तर ते दोन प्रकारे मांडता येतात आणि ती दोन रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे केले, तिथून ही गोष्ट सुरू होते. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे तिचे कारण सांगितले, ते असे की कार्बनचे चार हात कागदावर सपाट पसरलेले नसतात, अवकाशात चार दिशांना असतात.

अशा प्रत्येक कार्बनापाशी रेणूला डावे किंवा उजवे, एक वळण घ्यावे लागते. एक वळण असेल तर दोन शक्यता. दोन असतील तर चार. एरिथ्रोमायसिनच्या रेणूत मध्ये चौदा अणूंचे एक मोठे कडे आहे आणि त्याला दोन शर्करा जोडलेल्या आहेत. या सबंध रेणूत अशी वळणे अठरा आहेत. दोनाला दोनाने अठरा वेळा गुणा, २,६२,१४४ येतात. म्हणजे तेच अणू, त्याच क्रमाने जोडलेले, तरी इतकी वेगवेगळी रूपे कागदावर शक्य आहेत. जिवाणू त्यातले नेमके एक बनवतो.

शर्करा बाजूला ठेवल्या आणि नुसत्या कड्याचा विचार केला तरी दहा वळणे उरतात, शक्यता १,०२४. आता रसायनशास्त्रज्ञाच्या बाजूने पाहा. दर वळणावर अभिक्रिया डावे-उजवे निम्मे निम्मे देत असेल, तर शेवटी हवा तो रेणू हजारात एक. दर वळणावर नव्वद टक्के अचूकता असली, तरी दहा वळणांनंतर अचूक माल सुमारे पस्तीस टक्केच राहतो. नव्व्याण्णव टक्के असली तर नव्वद टक्के. एकेका पायरीवरचा नऊ टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, शेवटी तो पस्तीस आणि नव्वद यांतला फरक होतो. म्हणूनच या शास्त्रात अभिक्रिया घडते की नाही यापेक्षा ती हव्या त्याच बाजूने घडते का, हा प्रश्न मोठा झाला.

फिशरची साखळी

हा प्रश्न पहिल्यांदा अंगावर घेतला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने, साखरेच्या अभ्यासात. ग्लुकोजच्या उघड्या साखळीत चार वळणे, म्हणजे सोळा शक्यता. हाइनरिश किलियानी याने १८८५-८६ च्या सुमारास शर्करेच्या साखळीला एक कार्बन वाढवण्याची युक्ती शोधली होती. फिशरने ती उचलली, पुरी केली आणि पुन्हा पुन्हा वापरली. पाचाचे सहा कार्बन, सहाचे सात, सातचे आठ, असे करत तो नऊ कार्बनांच्या शर्करेपर्यंत पोहोचला. १८९० मध्ये त्याने ग्लुकोज प्रयोगशाळेत तयार केले, १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

या साखळीत फिशरच्या एक गोष्ट लक्षात आली. नवा कार्बन जोडला की नवे वळण तयार होते. पण त्याची डावी आणि उजवी रूपे नेहमी निम्मी निम्मी येत नाहीत. साखळीत आधीपासून असलेली वळणे नव्या वळणाला एका बाजूला कलवतात. जुने नव्याला दिशा देते. पुढच्या शंभर वर्षांच्या या शास्त्राचे बीज त्या निरीक्षणात आहे. पण फिशरच्या हातात तो कल नव्हता. साखळी जिकडे कलेल तिकडे तो गेला. हवे तिकडे तिला वळवणे त्याला शक्य नव्हते.

एकोणपन्नास नावे

एरिथ्रोमायसिनची रचना १९५७ मध्ये निश्चित झाली, १९६५ मध्ये क्ष-किरणांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. रचना पुरती ठरण्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, हार्वर्डचे रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी लिहून ठेवले होते की आपल्याजवळची सगळी साधने धरूनही हा रेणू, त्यातल्या वळणांच्या गर्दीमुळे, अगदी हाताबाहेरचा दिसतो. हे कोण म्हणत होते? क्विनिन, कोलेस्टेरॉल, स्ट्रिक्निन यांच्या रचनांशी झुंजलेला माणूस. पुढे क्लोरोफिल आणि ब जीवनसत्त्वांतले सर्वांत गुंतागुंतीचे ब-१२ त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले आणि १९६५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांना प्रयोगशाळेतला किमयागार म्हटले गेले तर नवल नाही.

सत्तरच्या दशकात वुडवर्ड यांनी स्वतः हाताबाहेरचे म्हटलेले हे काम हाती घेतले. त्यांची रीत अशी की लवचीक साखळीत वळणे बसवणे अवघड, म्हणून आधी तिला ताठ, दुहेरी कड्यात बांधायचे. ताठ कड्याला वर आणि खाली अशा दोन स्पष्ट बाजू असतात, अभिक्रिया मोकळ्या बाजूने येते. हे दुहेरी कडे बांधण्यासाठी त्यांनी गंधकाचे अणू वापरले. काम झाल्यावर निकेलच्या साहाय्याने गंधक काढून टाकले की त्या जागी हवे ते मिथाइल गट मिळत. आणि त्यांच्या नजरेने आणखी एक गोष्ट टिपली. या रेणूचे दोन भाग एकमेकांसारखे आहेत. म्हणून एकाच दुहेरी कड्यापासून त्यांनी दोन्ही तुकडे घडवले आणि मग जोडले. शेवटी लांब साखळीची दोन टोके जुळवून मोठे कडे बंद करायचे होते. ते सहज झाले नाही. साखळीची अनेक रूपे करून पाहिली, त्यांतली बहुतेक बंद व्हायला तयार नव्हती.

८ जुलै १९७९ रोजी वुडवर्ड वारले, काम अपुरे राहिले. योशितो किशी यांच्या देखरेखीखाली त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते पुरे केले आणि १९८१ मध्ये ते तीन छोट्या लेखांत प्रसिद्ध झाले. लेखकांची संख्या एकोणपन्नास. या यादीत पी. बलराम हे नाव आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.एस्सी., मग कानपूर आयआयटी, मग अमेरिका आणि वुडवर्ड यांची प्रयोगशाळा असा त्यांचा प्रवास. १९७३ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि पुढे तिचे संचालक झाले. म्हणजे त्यांनी प्रयोगशाळा सोडल्यानंतर आठ वर्षांनी त्यांचे नाव या लेखावर छापले गेले. अशी किती माणसे दोन-तीन वर्षे येऊन, आपल्या वाट्याच्या एक-दोन पायऱ्या रचून निघून गेली असतील! पुस्तकांत मात्र 'वुडवर्ड यांनी एरिथ्रोमायसिन बनवले' असे एक वाक्य असते. इतिहास लिहिताना आपण राजांची नावे लिहितो आणि किल्ला बांधणाऱ्या पाथरवटांची विसरतो, ही सवय विज्ञानाच्या इतिहासातही तशीच आहे.

हार्वर्डमध्येच ई. जे. कोरी यांनी १९७८ आणि १९७९ मध्ये या घराण्यातली दोन शर्कराहीन कडी वेगळ्या वाटेने बांधली होती. दोन्ही कामे थोर. पण दोन्हींत एक मर्यादा होती. त्यांतल्या युक्त्या त्या-त्या रेणूपुरत्या कोरलेल्या होत्या. पुढचा रेणू समोर आला की नव्याने विचार करायचा, नवे कडे शोधायचे. हुनर होता, पण तो एका उस्तादाकडून दुसऱ्याला सहज देता येईल असा नव्हता.

सेंटरिंग लावा, काढा, पुन्हा लावा

१९८१ हेच वर्ष आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. ती गोष्ट गाजावाजा न होता घडली. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत डेव्हिड इव्हान्स आणि एमआयटीत सातोरू मासामुने यांनी प्रश्न उलटा करून विचारला. रेणूगणिक नवी शक्कल शोधण्यापेक्षा अशी एकच अभिक्रिया तयार करता येईल का, जी कुठल्याही साखळीवर चालेल, हवी ती बाजू देईल आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल?

ती अभिक्रिया म्हणजे 'आल्डोल'. ही एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. दोन तुकडे जोडते आणि जोडताना शेजारी शेजारी दोन नवी वळणे तयार करते. एरिथ्रोमायसिनच्या साखळीकडे पाहिले तर एक मिथाइल, एक ऑक्सिजन, पुन्हा मिथाइल, पुन्हा ऑक्सिजन, असाच ताल दिसतो. म्हणजे हा रेणू जणू आल्डोलच्या आवर्तनांनीच विणलेला. अडचण एवढीच की साधी आल्डोल डावे-उजवे पाहत नाही.

इव्हान्स यांची युक्ती समजायला घराच्या बांधकामाकडे पाहावे. स्लॅब टाकताना आधी फळ्या आणि टेकूंचे सेंटरिंग लावतात. काँक्रीटला आकार ते देते. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात आणि वरच्या मजल्याला तेच पुन्हा लावतात. इव्हान्स यांनी व्हॅलिन या अमिनो आम्लापासून असे एक रासायनिक सेंटरिंग केले. व्हॅलिन निसर्गातच एका हाताचे मिळते, म्हणून त्याची बाजू ठरलेली. हे सेंटरिंग साखळीच्या टोकाला जोडायचे, बोरॉनच्या साहाय्याने आल्डोल घडवायची. बोरॉन दोन्ही तुकड्यांना सहा अणूंच्या घट्ट कड्यात धरून ठेवतो, सेंटरिंगचा जाड भाग एक बाजू अडवतो, दुसरी बाजू मोकळी राहते. नको त्या रूपाचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही खाली गेले. मग सेंटरिंग काढून घ्यायचे, साखळी एक मजला वाढलेली, पुन्हा लावायचे.

त्याच १९८१ मध्ये मासामुने, हिरामा, मोरी, अली आणि गार्वे अशा पाच जणांच्या नावाने एरिथ्रोमायसिनचे मूळ कडे आल्डोलच्या आवर्तनांनी बांधल्याचा लेख आला. एकीकडे एकोणपन्नास नावे, दुसरीकडे पाच. तुलना तंतोतंत नाही, कारण वुडवर्ड यांच्या गटाने शर्करांसह पूर्ण औषध बनवले होते आणि मासामुने यांनी शर्करा व काही ऑक्सिजन नसलेले आधीचे कडे. तरी बदल काय झाला ते या दोन यादींतून कळते.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, मासामुने आणि बॅरी शार्पलेस यांच्या गटांनी मिळून फिशरचेच जुने काम नव्या हत्याराने केले. शार्पलेस यांची हत्यारपेटी अशी की वापरलेल्या टार्टारिक आम्लाचा हात बदलला की वळणाचा हात बदलतो. हो, तेच टार्टारिक आम्ल, ज्याचे स्फटिक पाश्चरने चिमट्याने निवडले होते. दोन कार्बन वाढवणारे एकच आवर्तन दोनदा फिरवून त्यांनी निसर्गात सहसा न मिळणाऱ्या हाताच्या आठही सहा-कार्बनी शर्करा बनवल्या. फिशरला साखळीच्या कलाने जावे लागले होते. आता साखळीला कल काहीही असो, डावे हवे की उजवे हे माणूस ठरवत होता.

जिवाणूच्या घरचा कारखाना

इतके सगळे झाले तरी मातीतला तो जिवाणू हे काम कसे करतो हे ठाऊक नव्हते. १९९० आणि १९९१ मध्ये केंब्रिजच्या पीटर लेडली यांच्या गटाने आणि अमेरिकेत अॅबट कंपनीतल्या लेनर्ड कॅट्झ यांच्या गटाने त्याची जनुके वाचली. सापडली ती तीन अवाढव्य प्रथिने. त्यांच्यात एकापुढे एक असे सहा विभाग, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर सहा कामगार उभे असावेत तसे. सुरुवातीला तीन कार्बनांचा एक तुकडा घेतला जातो. मग प्रत्येक विभाग साखळीला दोन कार्बन आणि एक मिथाइल जोडतो, वळणे ठरवतो आणि साखळी पुढच्या विभागाच्या हाती देतो. सहा वेळा जोडणी झाली की साखळीत एकवीस कार्बन होतात, शेवटचा कामगार तिची टोके जुळवून कडे बंद करतो. त्यानंतर दुसरी प्रथिने येऊन ऑक्सिजन आणि शर्करा चढवतात.

म्हणजे निसर्गही आवर्तनच करत होता. फरक एवढाच की प्रत्येक विभाग जोडणी तीच करतो, पण पुढची सफाई वेगळी. तिसरा विभाग ऑक्सिजनला हात न लावता तसाच पुढे सोडतो, चौथा तो पुरता काढून टाकतो, बाकीचे अर्ध्यावर थांबतात. साधा कच्चा माल, एकच मूळ क्रिया, आणि कुठे किती करायचे याचा लेखी क्रम. गुंतागुंत आली ती या क्रमातून.

हा क्रम माणसाने हाती घेण्याच्या कामात चैतन खोसला यांचे नाव मोठे आहे. मुंबईच्या पवई आयआयटीतून १९८५ मध्ये अभियंता झालेले खोसला पुढे स्टॅनफर्डला गेले. २००१ मध्ये त्यांच्या गटाने ही तीन प्रथिने आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूत बसवली आणि त्याच्याकडून एरिथ्रोमायसिनचे मूळ कडे बनवून घेतले.

प्रयोगशाळेच्या बाजूनेही पट्टा पुढे सरकला. ब्रिस्टल विद्यापीठात वरिंदर अगरवाल यांच्या गटाने २०१४ मध्ये बोरॉनला टोकाशी ठेवून साखळीत एकेक कार्बन घुसवण्याची रीत पुन्हा पुन्हा चालवली. या रीतीचा पाया अमेरिकेत डोनाल्ड मॅटेसन यांनी १९८०च्या सुमारास घातला होता. अगरवाल यांच्या साखळीवर शेजारी शेजारी दहा मिथाइल गट, दहाही वळणे मनाप्रमाणे, आणि मधल्या पायऱ्यांवर माल शुद्ध करत बसण्याची गरज नाही. हा रेणू निसर्गात नाही, निसर्गाच्या वळणाचा आहे एवढेच. आणि वळणांचा क्रम बदलला की तोच रेणू कधी सरळ काठीसारखा राहतो, कधी जिन्यासारखा पिळदार होतो. अणू तेच, जोडणी तीच. डाव्या-उजव्याच्या क्रमाने सबंध देहाचा आकार बदलतो.

औषधाच्या दुकानात

आता एक प्रामाणिक प्रश्न. एवढ्या खटाटोपाचा रुग्णाला काय उपयोग झाला? वुडवर्ड यांच्या पन्नासच्या घरातल्या पायऱ्यांनी बनलेले एरिथ्रोमायसिन कुठल्याही दुकानात विकले गेले नाही. पायरीगणिक नव्वद टक्के माल हाती लागला तरी पन्नास पायऱ्यांनंतर अर्धा टक्का उरतो. आजही एरिथ्रोमायसिन टाक्यांत जिवाणू वाढवूनच काढतात. क्लॅरिथ्रोमायसिन जपानमध्ये त्यालाच एक मिथाइल जोडून झाले आणि अॅझिथ्रोमायसिन १९८०च्या सुमारास झाग्रेबच्या प्लिवा कंपनीत त्याच्याच कड्यात एक नायट्रोजन घुसवून.

पण तयार रेणूला इकडेतिकडे ठिगळ लावण्याला मर्यादा आहे. कड्याच्या आत खोल जागी बदल हवा असेल तर पहिल्या टाक्यापासूनच विणायला हवे. ते करण्याची निकड आता आली आहे. २०१९च्या विक्रीवर आधारलेला जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारताच्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपणारी प्रतिजैविकाची गोळी अॅझिथ्रोमायसिन ५०० निघाली. आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानात कुणीही 'अॅझी पाचशे द्या' म्हणतो आणि ती मिळते. सर्दी असो, ताप असो. सर्दी विषाणूने होते, तिच्यावर ही गोळी चालतच नाही. दोन गोळ्यांत बरे वाटले की तिसरी कपाटात. जिवाणूंना अशीच तालीम हवी असते.

त्यांनी काढलेला तोडही पाहण्यासारखा आहे. रायबोसोममधल्या ज्या खोबणीत ही किल्ली बसते, तिथल्या एका ठरावीक जागी प्रतिकारक्षम जिवाणू मिथाइल गट चिकटवतो. अठरा वळणांचा, दोन लाख बासष्ट हजार शक्यतांतून निवडलेला रेणू त्या इवल्याशा गटाला अडून दाराबाहेर राहतो.

यावर उत्तर शोधताना हार्वर्डच्या अँड्र्यू मायर्स यांच्या गटाने २०१६ मध्ये आठ साध्या घटकांपासून सुरुवात करून, तुकडे जोडत, तीनशेहून अधिक नवी मॅक्रोलाइड, म्हणजे एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातली संयुगे, मुळापासून बांधली. त्यांतल्या काहींनी प्रयोगशाळेत प्रतिकारक्षम जिवाणूंवरही परिणाम दाखवला. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतचा रस्ता लांब असतो, पण ज्या रेणूसमोर एकेकाळी वुडवर्ड यांच्यासारख्याने हात टेकले होते, त्याची तीनशे भावंडे एका प्रयोगशाळेत उभी राहिली.

हे शक्य झाले ते कुणा एका किमयागारामुळे नाही. इलोइलोची माती बांधून पाठवणारा डॉक्टर, साखळी एक-एक कार्बनाने वाढवणारा फिशर, एकोणपन्नासांच्या यादीतली विसरलेली नावे, सेंटरिंगची युक्ती देणारे इव्हान्स, जनुके वाचणारे लेडली आणि कॅट्झ, अशा सर्वांची ही विणकाम आहे. आणि त्यात एक वाटा आपलाही आहे, अगदी साधा. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही, आणि लिहून दिली तर सांगितले तितके दिवस पुरी घ्यायची. शंभर वर्षांत ज्या अचूकतेसाठी इतक्या लोकांनी जीव ओतला, ती आपण काउंटरवर उधळू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.